सुलूकाकीचा गवा

आमच्याकडे रद्दी दर दिवाळीला निघते, फुटकी भांडी मोडीत जातात, पण किस्से मात्र कोणी नेत नाही बघा! ते आपले साठतच राहतात. बरं, एक काढावा म्हटलं तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा बाहेर येतो, आणि मग गॅसवर ठेवलेलं दूध उतू जातं. आमच्या घरात हे नेहमीचं आहे.

माझ्याकडचे बरेचसे किस्से एका एसटीतले आहेत. देवगडहून सकाळी सव्वासहाला सुटणारी तळेऱ्याची गाडी आणि तिची शेवटची लांब सीट. ती आम्हा पासवाल्यांची! कोणी परका येऊन बसला तर आम्ही एक शब्द बोलायचो नाही. नुसते चौघं त्याच्यासमोर उभे राहायचो. माणूस आपोआप उठायचा.

चौघं म्हणजे कोण? मी तळेऱ्याच्या हायस्कुलात लायब्ररी सांभाळायची. पाटीलसर त्याच हायस्कुलात सायन्स शिकवायचे. माणूस घाटावरचा, कोल्हापूरकडचा, नियमाला एकदम पक्का. तात्या रेशनच्या दुकानात मापाडी. आणि सुलूकाकी, तळेऱ्याच्या तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, मासे विकायला बसणारी. काकीची पाटी कंडक्टर टपावर चढवायचा, पण वास आमच्याबरोबर आतून यायचा, बिनतिकीट.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. एका सोमवारी पाटीलसर म्हणाले, "दाजीपूरचं अभयारण्य उघडलं पावसाळ्यानंतर. येत्या रविवारी पायी फिरून यावं म्हणतो."

काकी खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती एकदम वळली. "थंय गवो दिसता?"

"दिसतो की! गव्यांसाठीच आहे ते."

"मगे मी पण येतलंय."

आम्ही तिघंही हसलो. साठीला आलेली बाई, आयुष्य बंदर ते तिठा यात गेलेलं, आणि निघाली जंगलात! पण काकी काही हसली नाही.

मग तिने सांगितलं. तिचा नवरा आंब्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. सीझनला देवगडहून पेट्या भरायच्या, फोंडा घाट चढायचा आणि कोल्हापूरच्या मार्केटात उतरवायच्या. एकदा घाटमाथ्यावर ट्रकच्या पुढ्यात गवा उभा राहिला. घरी येऊन त्याने अंगणातच सगळ्यांना सांगितलं, "रेड्याच्या दुप्पट गे! आणि चारी पायांत ढोपरापर्यंत पांढरे मोजे!"

काकी मासे कापत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि टोपी खंयच्या रंगाची होती?"

सगळी वाडी हसली. त्याचं नावच 'मोजेवालो' पडलं. शेंबडी पोरंसुद्धा हाका मारायची. बिचारा शपथा घेऊन दमला, आणि मग त्याने गव्याचं नाव काढणंच सोडलं. पुढे काही वर्षांनी छातीत कळ आली आणि गेला. बाराव्याला दुसरा एक ट्रक ड्रायव्हर आला होता, तो जेवता जेवता सहज बोलून गेला, "परवा घाटात गवो आडवो इलो. पांढऱ्या पायांचो."

"त्या दिसापासना माझ्या घशाखाली घास सरळ उतराक नाय," काकी म्हणाली. "तो खरां सांगा होतो काय खोटां, इतक्यांच माका माझ्या डोळ्यांनी बघूचां आसा. बाकी काय्येक नको."

मी हुशारी केली. दुसऱ्या दिवशी लायब्ररीतलं पुस्तक आणून गव्याचा पानभर रंगीत फोटो दाखवला. पाय ढोपरापासून खाली पांढरेशुभ्र! काकीने फोटोवरून बोट फिरवलं आणि पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. "गो बाय, माझ्या नातवाच्या पुस्तकात अर्धी बाय आणि अर्धो मासो आसा. चाळीस वर्सां मी मासे इकतंय, माका गावली नाय ती!"

मी पुस्तक पिशवीत घातलं.

*

पहिल्या सहलीच्या आधी पाटीलसरांनी सूचनांचा कागद वाटला. भडक कपडे नकोत. अत्तर नको, वासाचं तेल नको. मोठ्याने बोलायचं नाही, हसायचं नाही, एकामागून एक चालायचं.

तात्याने कागद वाचला आणि विचारलं, "सर, जंगलात जावचां आसा की मयताक?"

निघालो. तात्याचा भाचा बाबल, त्याची ट्रॅक्स जीप. गेटवर नोंद केली, धोंडिबा नावाचा तिथलाच वाटाड्या बरोबर घेतला. धोंडिबा कमी बोलणारा. तो कुजबुजला, "कळप हितंच हाय, पलीकडच्या सड्यावर, उघड्या कातळावर. वाऱ्यासारखं यायचं, आवाज नगं." पहिल्याच फेरीला गवा!

आणि तात्या थांबला. चपला काढल्या. खिशातून नारळ काढला.

"तात्या, काय करताय?" पाटीलसर घाबरून म्हणाले.

"परक्या देवाच्या हद्दीत पाय टाकतंव. गाऱ्हाणां नको घालूक?"

आमच्याकडे नवी सायकल घेतली तरी गाऱ्हाणं घालतात. देवाला हाक मारून सगळं सांगायचं, आणि बाकीच्यांनी दर वाक्याला हुंकार द्यायचा. तो हळू देऊन चालत नाही, देवाला पोचायला पाहिजे! तात्याचा आवाज म्हणजे रेशनच्या दुकानातून तिठ्यापर्यंत ऐकू जाणारा. त्याने आभाळाकडे बघून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या रानात इली आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काकी, बाबल आणि मी. सवयच ती! तोंडातून निघून गेलं.

"तेंका कसलीच इडापिडा लागाक देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या सुलूक एक गवो दाखय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराऽजा!" हा काकीचा एकटीचा. बंदरावर लिलावात तयार झालेला गळा तो. पलीकडच्या सड्यावरून धडधड, धडधड असा आवाज आला आणि हळूहळू लांब गेला. मग सगळं शांत. पाखरूसुद्धा नाही.

धोंडिबाने विडी पेटवली. "आता देव दिसला तर दिसंल," तो म्हणाला. "जनावर काय न्हाई."

*

पुढच्या वर्षी गाऱ्हाणं तळेऱ्याच्या तिठ्यावरच उरकून घेतलं. पाटीलसरांनी तसा लेखी नियमच केला होता.

या वेळी सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. मातकट कपडे, तोंडं बंद. पण तासाभरात मागे वळून बघितलं तर आमच्यामागे एक कुत्रा. मग दोन, मग पाच. धनगरवाड्यावरची सगळी कुत्री जिभा काढून आमच्यामागून चालत होती, तीही आमच्यासारखी एका ओळीत! पाटीलसर हाकलून दमले. जंगलात कुत्री मागे असताना कोणतं जनावर पुढे येणार?

शेवटी धोंडिबाने नाक वर करून वास घेतला आणि काकीच्या पिशवीकडे बोट केलं. पिशवीत सुक्या सुंगटांचा, म्हणजे बारीक कोळंबीचा किसमूर! खोबरं, कांदा लावून केलेला, केळीच्या पानात बांधलेला, दहा माणसांना पुरेल इतका.

"काकी, कागदावर लिहिलं होतं ना, वासाचं काही नको म्हणून?"

"अत्तर नको म्हणान लिहिलेलां," काकी म्हणाली. "ह्या काय अत्तर आसा?"

पाटीलसर दिसलेल्या प्राण्यांची वहीत नोंद करायचे. त्या दिवशी त्यांनी रागाने लिहिलं, 'कुत्रे, अकरा.' आणि मग खडकावर बसून चार भाकऱ्या खाल्ल्या त्या किसमुराबरोबर! कुत्र्यांना एक कण ठेवला नाही माणसाने.

*

एकदा शेकरू दिसलं. उंच झाडावर, हातभर लांब झुपकेदार शेपटी खाली सोडून बसलेलं. पाटीलसरांना आनंद मावेना. "काकी, बघा बघा! महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे हा!"

काकीने कपाळावर हात धरून बराच वेळ बघितलं. "खारच मां ही? राज्याची झाली म्हणान खाली उतरणा नाय वाटता!"

आणि चालायला लागली. तिचं लक्षच नव्हतं कशात. रानात आम्ही फुलं बघायचो, पाखरं बघायचो, तात्या तर कुठे अळंबी दिसतात का तेवढंच बघायचा. काकी मात्र सारखी पुढे बघायची, झाडांच्या बुंध्यांमधून, जिथे पाय दिसतील तिथे.

*

काकीमुळे पाटीलसरांची एकदा चांगली जिरली, तेही सांगते. बहुतेक चौथं वर्ष असेल. आम्ही पाणवठ्याजवळ दबा धरून बसलो होतो. जागा सरांनी पुस्तकातल्या नियमाप्रमाणे निवडलेली. दोन तास झाले तरी काही येईना. काकीची चुळबुळ सुरू झाली.

"सर, ह्यो वारो आमच्या पाठीर आसा. आमचो वास सगळो पुढे जाता. असां बसान एक बांगडो पण गावाचो नाय."

"काकी, हा समुद्र नाही."

"वारो थंयचोच मां?"

धोंडिबा तोंडावर हात ठेवून हसत होता. म्हणाला, "म्हातारी खरं बोलतीया." उठलो, वळसा घालून पलीकडे गेलो आणि खरंच, पंधरा मिनिटांत भेकर पाण्यावर आलं. पाठोपाठ दोन सांबरं. सरांनी वहीत नोंद केली आणि काकीला हात जोडले.

पण गवा नव्हता. परत येताना आमच्या पहिल्या जागेपुढेच धोंडिबा थांबला. समोर शेणाचा मोठा पो, त्यातून वाफ निघत होती. "गवा. पाच मिन्टं झाली नसतील."

आम्ही जागा बदलायला वळसा घातला नसता तर तो आमच्या समोरून गेला असता! कोणाला बोल लावणार? काकीनेच तर उठवलं होतं सगळ्यांना. ती खाली बसली, शेणाला हात लावला. "गरम आसा गो," मला म्हणाली. "मेलो आत्ताच गेलो." आणि तिथेच बसून राहिली. शेणाजवळ इतक्या मायेने बसलेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही. अर्ध्या तासाने पाटीलसरांनी हाताला धरून उठवलं तेव्हा म्हणाली, "पाच मिन्टां, सर. माझां नशीब नेहमी पाच मिन्टां मागेच ऱ्हवता."

त्या दिवशी ट्रॅक्समध्ये मी तिच्याशेजारी बसले होते. घाट उतरेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. तिच्या हाताला शेणाचा वास होता आणि त्याखालून मासळीचा. आज वीस वर्षं होत आली, पण तो हात मला आठवतो.

*

वर्षातून एकदाच जाणं व्हायचं. बाकीचे दिवस काकी काय करायची? तर तळेऱ्याच्या तिठ्यावर घाटातून उतरणारे ट्रक थांबायचे, ड्रायव्हर लोक मासे घ्यायचे. काकी प्रत्येकाला विचारायची, "घाटात गवो दिसलो काय रे?" कोणी दिसला म्हणाला की त्याच्या पिशवीत एक बांगडा जास्त.

बस्स! बातमी फुटायला कितीसा वेळ? महिन्याभरात प्रत्येक ड्रायव्हरला गवा दिसायला लागला! एकाला दोन दिसले, त्याने दोन बांगडे नेले. एकाने तर कमालच केली. तो वर घाटात गेलाच नव्हता, खालच्या वालावल गावाहून नारळ भरून आला होता. तो म्हणाला, "काकी, देवळाच्या तळ्यावर गवा पाणी पीत होता!"

तिने त्यालाही बांगडा दिला.

तात्याला राहवेना. "सुलू, ते तुका फसयतत गो! थापा मारतत मेले!"

"माका म्हायत आसा," काकी म्हणाली. "तात्या, माझ्या घोवाक मी गव्याचां नाव काढूक दिलंय नाय. हे काढतत तर काढूंदेत."

दुसऱ्या दिवशी गाडीत त्याने काकीला विचारलं, "मोजे ढोपरापर्यंत म्हणा होतो की खाली?" काकी खुलली. नांदगाव येईपर्यंत नवऱ्याबद्दलच बोलत होती. आम्ही तिघांनी कान देऊन ऐकलं.

*

आता ती सीट राहिली नाही. पाटीलसरांची बदली झाली, काकीचा तिठा सुटला, मी रिटायर झाले, तात्या देवाघरी गेला. बाबलने ट्रॅक्स विकून रिक्षा घेतली. सव्वासहाची गाडी अजून सुटते म्हणतात. मी जाग आली की घड्याळ बघते, सव्वासहा वाजून जाऊ देते आणि मगच उठते. उगाच कशाला! मला त्या सीटवर एकदा परत बसायचं आहे, बाकी काही नाही. पण चौघंही पाहिजेत, ते आता कुठून आणणार?

तर शेवटचा सांगते. आमची सहावी का सातवी फेरी. काकीचे गुडघे गेले होते, डॉक्टरने चढ चढायचा नाही म्हणून सांगितलं होतं. तिने आम्हाला सांगितलं ते गुडघ्यांचं नव्हे, "ह्या वर्सा दिसलो तर दिसलो" एवढंच. पाटीलसरांनी या वेळी सूचनांचा कागद काढलाच नाही.

सकाळपासून काहीच दिसलं नव्हतं. दहा वाजून गेले, ऊन तापलं. सड्याच्या कडेला काकी खडकावर बसली आणि म्हणाली, "माझ्यान होवचां नाय आता." पातळ गुडघ्यापर्यंत वर घेऊन बाम चोळायला लागली. बामाचा हा वास! सर तिच्या बामाची डबी हातात धरून उभे. तात्या तंबाखू मळत होता, धोंडिबाने विडी पेटवली. आम्ही आशा सोडली होती, खरं सांगते.

आणि समोरच्या झाडीतून गवा बाहेर आला.

एकटाच. वीस पावलांवर. तेल चोपडलेल्या होडीसारखा काळा कुळकुळीत. तात्याचा तंबाखूचा हात तसाच हवेत राहिला. गव्याने आमच्याकडे बघितलं, कान हलवला, तोंडातलं चघळत राहिला. मी काकीकडे बघितलं. ती उठून उभी राहिली होती, कोणाचाही हात न धरता. ती त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती, शिंगांकडेही नाही. ती खाली बघत होती.

चारी पाय ढोपरापर्यंत पांढरे. अगदी कोणीतरी सकाळी धुऊन घातल्यासारखे.

किती वेळ गेला देव जाणे. मग तो वळला आणि सावकाश झाडीत गेला. एवढं मोठं जनावर, पण पाचोळ्याचाही आवाज झाला नाही.

काकी खाली बसली. "मोजेच आसत," म्हणाली. "होय गो. मोजेच." आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, "काकी, खरं सांगत होते ना ते? आता मन शांत झालं ना?"

तिने 'नाय' म्हणून जोरात मान हलवली. "खरां सांगा होतो ता माका तेव्हाच कळलेलां गो! माझो घोव कधी खोटां बोलूक नाय. पण तो दर वर्सा माका म्हणा होतो, चल गे, ट्रकात पुढे बसयतंय, एकदा बघ माझ्यावांगडा, दोघांनी. दर वर्सा! आणि मी म्हणा होतंय, माझी मासळी कोण इकतलो?"

तात्याने तोंड फिरवलं. पाटीलसरांनी आपला रुमाल काढून तिच्या हातात दिला. धोंडिबा थोडा लांब जाऊन उभा राहिला.

सोमवारी सव्वासहाची गाडी. काकीची सहल सगळ्या गाडीला ठाऊक. कंडक्टरने पाटी टपावर चढवली, आत आला आणि पहिला प्रश्न केला, "काय काकी, औंदा तरी गवो दिसलो?"

सगळी गाडी मागे वळून बघायला लागली. तात्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याने तोंड उघडलंच होतं! काकीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नाय रे बाबा," ती म्हणाली. "खंय दिसता! पुढच्या वर्सा परत जावंक होयां. दर वर्सा!"

कंडक्टरला पटेना. तो पाटीलसरांकडे वळला. "सर, खरंच नाय दिसलो?"

पाटीलसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाही हो," ते म्हणाले. "यंदाही नाहीच दिसला."